व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड आणि ढकलणारा हात



तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाने व्हॅक्यूम क्लीनरवर बोलायचं ठरवलं, हे ऐकून संयोजकही जरा हसले होते. पण समीक्षा फक्त कादंबऱ्या-नाटकांचीच करावी असा काही नियम नाही. रोज हातात येणाऱ्या वस्तूही कुणीतरी विचार करून, किंवा विचार न करून, घडवलेल्या असतात. आज मी या यंत्राच्या एकाच भागाबद्दल बोलणार आहे. नळीच्या टोकाला जो रुंद, चपटा भाग जमिनीवरून फिरतो, तो. माहितीपुस्तिकेत त्याला ‘फ्लोअर ब्रश’ नाहीतर ‘नोझल’ म्हणतात. मी आपलं ‘तोंड’ म्हणेन, कारण केर खायचं काम त्याचं.

आधी घरातली गोष्ट सांगतो. निवृत्तीनंतर आम्ही कर्जतला राहायला आलो. इथली धूळ आणि चिखल तुम्हाला काय सांगायचा! मुलाने एका दिवाळीला यंत्र घेऊन दिलं. कुठल्या कंपनीचं, ते सोडून द्या. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई ते चालवायच्या, पण उलट्या चालत. तोंड उचलून पुढे टाकायचं आणि मागे मागे सरकत ओढत आणायचं. मी दोन-तीनदा टोकलं, “ताई, उलट्या कशाला चालता? पुढे ढकलत न्या ना.” त्या “हो काका” म्हणायच्या आणि पुन्हा उलट्याच चालायच्या. मी पत्नीला म्हटलं, “त्यांना सवय नाही.”

पुढे जुलैत भातलावणीसाठी त्या आठ दिवस येणार नव्हत्या. मी स्वतः यंत्र काढलं. हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल आहे, आरशासारखी गुळगुळीत. तोंड तिला घोरपडीसारखं चिकटून बसलं. ढकलायला गेलो तर आधी हलेना, मग एकदम सुटून फूटभर पुढे गेलं. पडवीत शहाबादी आहे, तिथे चाललं, पण फरशांच्या सांध्यांतली माती तिथेच राहिली. अर्ध्या तासात खांदा भरून आला. ताई परत आल्यावर मी हे सांगितलं, तर त्या सहज म्हणाल्या, “काका, ते ओढायला बरं आहे, ढकलायला नको.”

मी त्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. कारण त्या एका वाक्यात त्यांनी यंत्राची पुरी समीक्षा केली होती, आणि मी तिला ‘सवय नाही’ म्हणत होतो.

आता गणित बघा, अवघड नाही. आपण म्हणतो यंत्र जमिनीला ‘खेचून’ धरतं. तसं नसतं. आतली हवा विरळ होते आणि बाहेरची हवा तोंडाला जमिनीवर दाबते. तोंडाची खालची फट 30 सेंटीमीटर लांब आणि 2 सेंटीमीटर रुंद धरा. आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक 5 किलोपास्कल धरा. तर तोंडावर सुमारे तीन किलोचं ओझं ठेवल्यासारखं होतं. त्यात तोंडाचं स्वतःचं वजन किलोभर, एकूण चार. आणि तोंडाची कड टाइलला घट्ट बसली, तर दाबातला फरक यापेक्षा कितीतरी वाढतो.

पण खरी गंमत पुढे आहे. नळी तिरकी असते, 45 अंश समजा. ढकलताना आपल्या जोराचा काही भाग पुढे जातो आणि काही भाग तोंडाला आणखी खाली दाबतो. म्हणजे आपणच आपल्या वाटेत उभे राहतो. ओढताना उलट होतं, तोंड थोडं उचललं जातं. घर्षणाचा गुणक 0.5 घेतला, तर ढकलायला साडेपाच किलोच्या वर जोर लागतो आणि ओढायला दोन किलोही नाही. जवळजवळ तिप्पट फरक! ताईंच्या हाताला हे पहिल्या दिवशी कळलं होतं. मला त्रिकोणमिती लागली.

आता हाच गुणक, चांगली चाकं लावून, 0.1 वर आणा. ढकलायला सहाशे-साडेसहाशे ग्रॅम, ओढायला पाचशे. दोन्ही दिशा जवळजवळ सारख्या. मोटर तीच, वीज तीच.

मग करायचं काय, तर चाकं रुंद आणि मऊ हवीत, फरशीच्या सांध्यात न अडकणारी. त्यांच्या आसात केस आणि दोरे गुंडाळले जातात आणि चाक फिरायचं थांबून फरफटायला लागतं, म्हणून ती सहज काढून साफ करता यायला हवीत. मान जिथे तोंडाला जोडली जाते तो सांधा जमिनीजवळ हवा. तो उंच असला की ढकलताना तोंडाची पुढची कड जमिनीत रुतते. कडेला रबराची सलग पट्टी असण्यापेक्षा केसांचा ब्रश बरा, त्यातून थोडी हवा येत राहते. आणि पुढच्या कडेला खाचा हव्यात. कड पूर्ण बंद असेल तर सांडलेला तांदळाचा दाणा आत न जाता तोंडापुढे नांगरल्यासारखा पळत राहतो.

यावर कुणी म्हणेल, हवा आत येऊ दिली तर ओढ कमी होईल. दाब कमी होईल, हे खरं. पण फरशीवरची धूळ उचलते ती वाहती हवा. तोंड जमिनीला पूर्ण चिकटलं तर वाहायला हवाच उरत नाही. म्हणजे जे तोंड हाताला छळतं, ते फरशीवर कामही वाईट करतं. इथे स्वच्छता आणि सोय यांचं भांडण नाहीच.

मग तोंड असं का घडतं? एक कारण इतिहासात आहे. ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज इंजिनिअरने 1901 मध्ये हे यंत्र काढलं. घोड्याच्या गाडीवर ठेवलेलं ते धूड घरासमोर उभं राहायचं आणि खिडकीतून नळ्या आत जायच्या. कशासाठी? गालिच्यांसाठी. अमेरिकेत ओहायोतल्या जेम्स मरे स्पँगलर या दम्याने बेजार झालेल्या सफाई कामगाराने 1908 मध्ये हातात धरायच्या यंत्राचं पेटंट मिळवलं, आणि ते पुढे हूव्हरकडे गेलं. तिथेही गालिचाच. गालिच्यातून खालून-बाजूने हवा येते, तिथे घट्ट तोंड चालतं. आपल्याकडे शेणाने सारवलेली जमीन होती, मग शहाबादी, कोटा, मोझेक, आता टाइल. त्यावर शेवटी ओलं फडकं फिरतंच. गालिच्याचं तोंड आपल्या फरशीवर आलं, आणि न जुळण्याचा दोष मात्र वापरणारीच्या सवयीवर गेला.

दुसरं कारण मला जास्त टोचतं. मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाचं हातोड्याचं विवेचन मी पुष्कळ वर्षं वर्गात शिकवलं. 1927 च्या त्याच्या ग्रंथात तो म्हणतो की काम नीट चाललेलं असताना हातोडा आपल्याला जाणवतच नाही, लक्ष कामावर असतं. बिघडला, नडला, की मग तो ‘वस्तू’ म्हणून समोर येतो. चांगलं तोंड म्हणजे हाताला न जाणवणारं तोंड, इथपर्यंत तो मला पटतो. पण त्याच ग्रंथात आणखी एक बारीक निरीक्षण आहे: हातोडा फार जड निघाला तर कारागीर एक शब्दही न बोलता तो बाजूला ठेवतो किंवा दुसरा घेतो. हे मी वर्षानुवर्षं शिकवलं आणि कधी थांबून विचारलं नाही, की ज्याला बदलता येत नाही त्याचं काय?

कर्जत-खालापूरमध्ये हा प्रश्न घरोघरी आहे. बंगला इथे, मालक मुंबई-पुण्यात. यंत्र तिकडे दुकानात किंवा मोबाइलवर निवडलं जातं, वॅटचा आकडा बघून. ढकलणारी बाई वाडीवरून येते. तिला कुणी विचारत नाही, आणि तिने यंत्र कोपऱ्यात ठेवून झाडू घेतला की आपण म्हणतो, यांना नवं काही नकोच असतं. आपल्या खोपोलीला 1915 मध्ये टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, ती वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी गेली. जिथे श्रम होतात आणि जिथे निर्णय होतो, त्यांतलं अंतर या भागाला नवं नाही.

वॅटचा आकडा फसवा आहे, हे युरोपातही मानलं गेलं. तिथे 2014 पासून 1600 वॅटची आणि 2017 पासून 900 वॅटची मर्यादा आली. ताकद वाढवायची वाट बंद झाली, की तोंडाकडे आणि हवेच्या वाटेकडे लक्ष द्यावंच लागतं. पुढे 2018 मध्ये डायसन कंपनीच्या तक्रारीवरून तिथल्या न्यायालयाने या यंत्रांच्या ऊर्जा-लेबलचा नियमच रद्द केला. कारण चाचणी धुळीचा डबा रिकामा ठेवून व्हायची, आणि घरात डबा रिकामा राहत नाही. चाचणी प्रत्यक्ष वापराजवळ जाणारी हवी, हे तत्त्व मला मोलाचं वाटतं. मी त्यात एवढीच भर घालीन, की चाचणीत ढकलणारा हातही त्याच घरातला असावा.

आता एक आक्षेप. “सर, मग झाडूच काय वाईट?” केरसुणी हलकी असते, कुठल्याही जमिनीशी जमवून घेते, आणि लक्ष्मीपूजनाला आपण तिची पूजाही करतो. पण तिच्यामागे तासभर वाकून चालणाऱ्या कमरेची पूजा कुणी करत नाही. उभं राहून केर काढता येणं ही मोठी गोष्ट आहे, म्हणून मी यंत्राच्या बाजूचा आहे. म्हणूनच ते वाईट घडवलेलं मला खपत नाही.

आमच्या घरी काय झालं ते सांगून थांबतो. मुठीजवळच्या नळीवर एक छोटी सरकती झडप असते, ती उघडली की थोडी हवा तिथून आत जाते आणि तोंड सुटतं. आमच्याकडे ती कायम बंद होती. मी पुस्तिका वाचलीच नव्हती. मग ताईंना बरोबर घेऊन दुकानात गेलो, चाकांचं आणि ब्रशच्या कडेचं वेगळं तोंड मिळालं. दुकानदार मला वॅट सांगत होता. मी म्हटलं, यांना फिरवून बघू द्या. त्यांनी दुकानातल्या फरशीवर दोन फेऱ्या मारल्या, एक पुढे, एक मागे, आणि म्हणाल्या, “हे चालेल.”

आता त्या सरळ चालतात. ‘सवय नाही’ हे मात्र मी परत म्हटलेलं नाही.

प्रश्न असतील तर घेऊ.