ग्रेचेन कीं मार्गारेटे?

आमचा एक जुना विद्यार्थी कांहीं वर्षांपासून जर्मनींत असतो. त्याची पत्नी त्याच देशची. नुकतीच त्यांस मुलगी झाली, आणि तिचें नांव जर्मनच ठेवावें असें उभयतांचें ठरलें. त्यानें आम्हांस पत्रानें विचारलें आहे कीं, 'आपण वर्गांत "फाउस्ट"चें इंग्रजी भाषांतर शिकवीत होतां, तेव्हांपासून ग्रेचेन हें नांव कानांत घुमत आहे. तेंच ठेवूं काय?' एका ओळींत उत्तर द्यावयाचें तर 'ठेवूं नये' एवढेंच आम्ही लिहिलें असतें. परंतु ज्या नाटकावर आमचें इतकें प्रेम, त्याच्या नायिकेचें नांव आम्हीच नाकारावें, याचें कारण आमचें आम्हांसच चटकन् सांगतां येईना. तें शोधतां शोधतां हा लेख झाला.

ग्रेचेन हें स्वतंत्र नांव नव्हे. मार्गारेटे या नांवाचें तें लाडकें रूप; आपल्याकडे यमुनेची यमू होते, तशांतलेंच. १७७२ सालीं फ्रँकफुर्ट शहरांत सुझाना मार्गारेटा ब्रांट नांवाच्या एका मोलकरणीस बालहत्येबद्दल देहान्त शासन झालें. गटे तेव्हां २२ वर्षांचा असून त्याच शहरीं वकिली करीत होता. पुढें १८०८ सालीं 'फाउस्ट'चा पहिला भाग प्रसिद्ध झाला. त्यांतील फसलेल्या मुलीच्या मागें ही अभागी मोलकरीण उभी आहे, असें अभ्यासक मानतात.

मूळ जर्मन संहितेंतील एक गोष्ट मात्र वाचकांच्या नजरेंतून बहुधा निसटते. या मुलीच्या भाषणांवर नांव घालतांना कवि एकच नांव वापरीत नाहीं. ती प्रथम रस्त्यांत दिसते तेव्हां मार्गारेटे असते. प्रेमानें व्याकुळ होऊन चरख्यापाशीं एकटी बसते तेव्हां ती ग्रेचेन होते. आणि मधला बागेचा प्रवेश सोडला तर पुढें पाणवठ्यावर, मातृमूर्तीपुढें, चर्चमध्यें, लाज आणि भय तिला घेरीत जातात तेथें ती ग्रेचेनच राहते. शेवटच्या तुरुंगाच्या प्रवेशांत ती पुनः मार्गारेटे होते. तेथें फाउस्ट तिला सोडवावयास आलेला असतो, पण भ्रमिष्ट झालेल्या तिला तो मारेकरी वाटतो. तो मोठ्यानें 'ग्रेचेन' म्हणून हांक मारतो, तेव्हां कोठें तिला तो आवाज ओळखूं येतो. तरी ती त्याच्याबरोबर पळून जात नाहीं. हांक ग्रेचेनला आली. नकार मार्गारेटेनें दिला. याला कोणी लेखनांतला योगायोग म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. लाडाचें नांव हें दुसऱ्यानें दिलेल्या प्रेमाचें आणि दुसऱ्यानें केलेल्या कींवेचें नांव आहे. आपला निर्णय आपण घेण्याच्या क्षणीं कवीनें तिचें पुरें नांव तिला परत केलें आहे.

असें नांव पुस्तकांतून निघून जगांत फिरूं लागलें, म्हणजे तें जिचें मूळचें तिलाहि सोडत नाहीं. १७७४ सालच्या 'वेर्थर'मधील लोटे जिच्यावरून रंगविली, ती शार्लोटे बुफ खरीखुरी बाई होती. १८१६ सालीं, ६३ वर्षांची वृद्धा होऊन, ती वायमार येथें गेली. त्या भेटीवर टोमास मान यानें १९३९ सालीं 'लोटे इन वायमार' ही कादंबरी लिहिली. त्या कादंबरींत ती खाणावळींत उतरतांच लोक जमतात, ते तिला पाहावयास नव्हे, पुस्तकांतल्या लोटेला पाहावयास. जिवंत माणूस आपल्याच नांवाच्या छायेंत कसा झांकोळून जातो, हें याहून चांगलें कोणी दाखविलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

याच्या उलट टोकास फोंटाने. त्याच्या १८९५ सालच्या 'एफी ब्रीस्ट' या कादंबरींत १७ वर्षांची मुलगी आपल्याहून दुपटीनें मोठ्या सरदाराला दिली जाते. जुन्या पत्रांवरून तिचें एक विसरलेलें पाप वर्षांनंतर उघडकीस येतें, आणि ती पति, लेक, प्रतिष्ठा सर्वांस मुकते. मरतांना तिचें मागणें एवढेंच कीं, थडग्यावर माहेरचें नांव असावें. पुस्तकाला जें नांव, तेंच शेवटीं दगडावर. मुलीस जन्मतः दिलेलें नांव ही किती थोडी, आणि किती मोलाची मिळकत आहे, हें त्या दगडापाशीं कळतें. आपल्या घरांतून लग्नानंतर मुलीचें पहिलें नांवहि बदलण्याची चाल होती, हें आठवलें म्हणजे ही कादंबरी आम्हांस परकी वाटत नाहीं. मुलांच्या वाचनांतल्या हायडीचीहि गोष्ट तीच. योहाना स्पीरीच्या १८८० सालच्या त्या कथेंत डोंगरांतली ही पोर फ्रँकफुर्टच्या श्रीमंत घरीं येतांच तिथली कारभारीणबाई तिला हट्टानें 'आडेलहाइड' म्हणूं लागते. नांव खरेंच आहे, बाप्तिस्म्याचें आहे; पण त्या पोरीचें तें नव्हे.

कारभारीणबाईचा हट्ट चालून गेला; राज्ययंत्राचा हट्ट तसा नसतो. १७ ऑगस्ट १९३८ रोजीं नाझी सरकारनें हुकूम काढला कीं, सरकारी यादींतील ज्यू नांव ज्यांना नाहीं, त्या सर्व ज्यू स्त्रियांनीं आपल्या नांवापुढें 'सारा' आणि पुरुषांनीं 'इस्राएल' हें नांव लावावें. १ जानेवारी १९३९ पासून तो अमलांत आला. सारा हें किती सुंदर, किती प्राचीन नांव! तें सर्वांस एकच ठेवून प्रत्येकीचें नांव पुसून टाकलें गेलें. त्यानंतर काय झालें तें जग जाणतें. पॉल सेलान याचे आईबाप त्याच संहारांत गेले. त्याची 'टोडेसफूगे' ही कविता युद्धानंतर प्रसिद्ध झाली, आणि तिच्या शेवटीं दोन स्त्रियांचीं नांवें शेजारीं शेजारीं येऊन थांबतात: गटेची मार्गारेटे, आणि बायबलांतल्या गीतरत्नांची शुलामिथ. एकीचे केस सोन्याचे, दुसरीचे राखेचे. ज्या मार्गारेटेस गटेनें तुरुंगांत मोठेपण दिलें, तिचें नांवहि आतां निष्पाप उरलें नाहीं.

मग जर्मन नांव ठेवूंच नये काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. लेसिंगच्या १७७२ सालच्या नाटकांत एमीलिया गालोटीस तिचा बापच अब्रूसाठीं ठार करतो. आज तिकडील आवडत्या नांवांच्या याद्यांत एमीलिया अगदीं वर असतें, आणि पाळण्यापाशीं कोणास तो खंजीर आठवत नाहीं. हजारों मुली तें नांव घेऊन हंसल्या, खेळल्या, आणि तें धुऊन निघालें. नांवाला मागचा इतिहास असावा. पुढच्या आयुष्याला त्यांत जागा मात्र उरली पाहिजे. ग्रेचेनमध्यें ती जागा आम्हांस दिसत नाहीं. ज्या प्रश्नाला बगल देतां येत नाहीं त्यास जर्मन भाषेंत 'ग्रेचेनचा प्रश्न' म्हणतात. शाळेंत पहिल्याच दिवशीं म्हण होऊन बसणें कोणत्या मुलीला आवडेल?

म्हणून आमच्या विद्यार्थ्यास आम्ही असें लिहिलें: मार्गारेटे ठेवावयाचें असेल तर अवश्य ठेव, पण सेलानची कविता वाचून मग ठेव. लाडाचें नांव घरचीं माणसें आपोआप पाडतील. तें सरकारी दप्तरांत लिहूं नकोस. आणि एखादे वेळीं तुमचा बेत बदललाच, तर हेंहि ध्यानांत असूं दे. तिकडे एका दांपत्यास मुलीचें नांव 'किरण' ठेवावयाचें होतें. नांवावरून मुलगा कीं मुलगी तें कळत नाहीं म्हणून तें नाकारलें गेलें. २००८ सालीं जर्मनीच्या घटना न्यायालयानें आईबापांच्या बाजूनें निकाल दिला; मुलीच्या हिताला बाध येत नसेल तर निवड त्यांची, असें ठरलें. ज्या देशांत सत्तर वर्षांपूर्वीं सरकारनें स्त्रियांवर नांव लादलें, त्याच देशांत एका तान्ह्या मुलीचें हित ही नांवाची कसोटी झाली. या निकालाचें मोल आम्हांस मोठें वाटतें.

आपल्याकडे बारशाला आत्या नांव प्रथम बाळाच्या कानांत सांगते. जमलेल्या मंडळींना तें मागाहून कळतें. नांव कोणत्याहि भाषेंतलें असो, एवढा क्रम त्यांनीं पाळावा. त्याची बहीण त्यासाठीं इकडून जाणार आहे, असें तो लिहितो.