हिरव्या सिगारची चव

सिगारच्या दुनियेत 'मादुरो' हा मानाचा शब्द आहे. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'पिकलेलं'. काळपट, तेलकट पानाचा जाडजूड सिगार पुढे आला की ओढणारे आदराने बघतात. 'कँडेला' पुढे आला की हसतात. कारण तो हिरवा असतो. ऑलिव्हसारखा, कधी थेट वाळलेल्या मेथीसारखा हिरवा. कच्चा राहिला की रंगवला, असे दोन प्रश्न ठरलेले. दोन्हींचं उत्तर 'नाही' असं आहे. पण तिसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो: या हिरव्या रंगाला चव आहे, की आपण रंगच चाखतो?

आधी रचना. सिगारमध्ये आत भरण असते, तिला आवळून धरणारं बांधणीचं पान असतं आणि सगळ्यांवर दिसायला देखणं, बिनडागाचं वेष्टन. आपल्याला जळणारं वेष्टन माहीत आहे ते विडीचं; पण तेंदूचं पान तंबाखूचं नव्हे, ते तंबाखूला धरून ठेवतं एवढंच. सिगारचं वेष्टन स्वतःच तंबाखू असतं. त्यामुळे चवीत त्याचा वाटा किती, यावर विक्रेते मोठमोठे आकडे सांगतात. कुणी ६० टक्के म्हणतो, कुणी ९०. हे आकडे कुणी कसे मोजले, ते विचारायचं नसतं.

एरवी तंबाखूचं पान वाळवण्याच्या कोठारात कित्येक आठवडे टांगून ठेवतात. हरितद्रव्य हळूहळू विघटित होतं, पान पिवळं आणि मग तपकिरी होतं. पुढे त्याच्या थप्प्या रचून ते आंबवतात, त्यात अमोनिया निघून जातो. कँडेलाला ही सवड मिळत नाही. कोठार बंद करून तापमान भराभर वाढवतात आणि पान काही दिवसांतच कडक वाळतं. रंग बदलणारी विकरं उष्णतेने निकामी होतात, हिरवा रंग जागच्या जागी राहतो. हिरव्या चहाचं तत्त्वही हेच: पानं खुडल्यावर लगेच वाफवली किंवा तापवली, की ती काळी पडत नाहीत. 'कँडेला' या शब्दाचा अर्थ आग, ज्योत. सगळ्यांत हिरव्या पानाला आगीचं नाव का, हे त्यातून कळतं.

हा प्रकार नवा किंवा चमत्कारिक अजिबात नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत हिरवे सिगार इतके खपत, की त्या छटेला 'अमेरिकन मार्केट सिलेक्शन' असंच नाव होतं. मग अभिरुची तपकिरीकडे झुकली. आता बरेचसे हिरवे सिगार १७ मार्चच्या सुमारास, सेंट पॅट्रिक दिनाच्या निमित्ताने बाजारात येतात. एकेकाळची रोजची वस्तू सणाची टोपी झाली.

माझ्याकडे एकाच कारखान्याचे, आतली भरण तीच असलेले दोन प्रकार होते: एक हिरव्या वेष्टनाचा, एक तपकिरी. आकार रोबुस्तो, म्हणजे पाच इंच लांब आणि ५० जाडीचा. (सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात, ५० म्हणजे जवळपास दोन सेंटिमीटर.) कारखान्याचं नाव देत नाही, कारण परीक्षण पानाचं आहे.

हिरवा न पेटवता ओढून पाहिला तर पावसानंतर उन्हात वाळलेल्या गवताचा वास आला. ओठांवर चक्क गोडवा. पेटवल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं सुंदर: फिका चहा, मेथीची जुडी वाळत घातलेल्या खोलीचा वास, मागे किंचित मिरी. नाकातून धूर सोडला तरी झोंबत नाही. राख फिकट, जळणं सरळ. मग मात्र आतली भरण वर येते. लाकूड, चामडं, कडवट कोको. सगळं चांगल्या प्रतीचं, पण तपकिरी भावात हेच होतं आणि अधिक एकसंध होतं.

एवढं लिहून थांबलो असतो तर ते नेहमीचं सिगार-परीक्षण झालं असतं. पण २००१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला स्वस्थ बसू देत नाही. बोर्दोत मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन बेचव लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. आता हिरव्या पानाला 'गवत' म्हणणारा मी कोण लागून गेलो?

म्हणून डोळ्यांवर रुमाल बांधून बसलो. मित्र आळीपाळीने दोन्ही सिगार हातात देत होता, आणि मला चिडवण्याची संधी सोडत नव्हता. न पेटवलेला हिरवा मी दर वेळी ओळखला. पेटवल्यावर पहिल्या तिसऱ्या भागातही. मग त्याने दोन्हींची ओठांकडची टोकं कागदात गुंडाळली. मी चाचपडू लागलो. अर्ध्यानंतर तर नुसता अंदाज.

यावरून माझं मत असं झालं: कँडेलाची चव खरी आहे, पण तिचा मोठा भाग धुरात नाही, न जळलेल्या पानातून थेट ओठांवर उतरतो. टक्केवाऱ्या सांगणारे हा मुद्दा सोडून देतात. आणि जी थोडी चव धुरात आहे, ती जाड सिगारमध्ये भरणेखाली चिरडली जाते. यात पानाचा दोष नाही, आकार निवडणाऱ्याचा आहे. जाडी ५० वरून ३८ वर आणा. भरणेच्या तुलनेत वेष्टनाचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने वाढतं. सडपातळ, आखूड, सौम्य भरणेचा हिरवा सिगार हा स्वतंत्र, सकाळच्या प्रहराचा प्रकार होऊ शकतो. त्याऐवजी दणकट भरणीला हिरवा अंगरखा चढवणं म्हणजे कोल्हापुरी रश्श्यावर पुदिन्याचं पान ठेवून त्याला पुदिन्याचं सार म्हणणं.

धूर छातीत घेत नाहीत म्हणून सिगार निरुपद्रवी, असा समज पसरलेला आहे. तोंडाच्या कर्करोगाला त्याने फरक पडत नाही. महिन्याला एकाच्या वर मी जात नाही, तेवढाही सुरक्षित आहे असं नाही.

खोक्यात अजून दोन हिरवे आहेत. ते मी पहिल्या दीड इंचापर्यंतच ओढणार आहे. राखदाणीत ठेवून दिला की सिगार आपोआप विझतो.