झीलकऱ्याविना

राज मुंगासेचं ‘चोर’ आणि ‘खोके’वालं ते गाजलेलं रॅप लोकांनी बातमी म्हणूनच ऐकलं. एप्रिल २०२३मध्ये ते मोबाइलमोबाइलवर फिरलं, अंबरनाथला गुन्हा दाखल झाला, विरोधी पक्षनेते बाजूने बोलले आणि छत्रपती संभाजीनगरकडचा एक पोरगा काही दिवस राज्याच्या राजकारणाचा विषय होऊन बसला. त्याच महिन्यात मुंबईत उमेश खाडे या रॅपरवरही ‘भोंगळी केली जनता’साठी गुन्हा नोंदला गेला. मग अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर अग्रलेख आले, वाहिन्यांवर चर्चा झडल्या. राजचं रॅप बांधलंय कसं, याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. एवढं झोंबलं ते काही उगाच झोंबलं नसणार.

त्याआधी एक घोषणा होती. ऑगस्ट २०२२च्या पावसाळी अधिवेशनात विरोधी आमदारांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर, फुटून सत्तेत गेलेल्या आमदारांना डिवचत, ‘५० खोके, एकदम ओके’ म्हणायला सुरुवात केली आणि बघता बघता ती सगळीकडे पोचली. घोषणा फर्डी होती, यमक तयार होतं. पण व्याकरण पाहा. तिच्यात क्रियापद नाही आणि कर्ताही नाही. रक्कम आहे, समाधान आहे. ते खोके घेतले कुणी, हे घोषणा सांगत नाही. राजने नेमकी ती रिकामी जागा भरली. ‘चोर’ हा कर्ता त्याने ओळीच्या तोंडाशी आणून बसवला आणि ओळीमागून ओळ तिथूनच उचलली. नाव कुणाचं घेतलं नाही, पक्षाचंही नाही. नाव घेतलं असतं तर टीका एका माणसापुरती राहिली असती. नुसता कर्ता ठेवल्यामुळे ऐकणारा नावाची जागा आपल्या मनाने भरतो, आणि ज्याला लागायचं त्याला तर टीका आपोआप लागते.

आता कान द्यायचा तो त्या शब्दाच्या पहिल्या अक्षराला. मराठीतल्या ‘चोर’चा च दंत्य आहे, दातांवर कडकन फुटणारा, हिंदीतला मऊ तालव्य च तो नव्हे. बीटमध्ये हाय-हॅट ज्या पट्टीत चकचक वाजत असते, त्याच पट्टीत हा च पडतो, म्हणजे वाद्याचं काम तोंडच करून टाकतं. लगेच ओकार, आणि शेवटी र् वर शब्द बंद. एका ठोक्यात उघडणारा आणि मिटणारा असा शब्द ओळीच्या सुरुवातीला पुन्हापुन्हा आला की पुढचे शब्द सरळ आहेत की तिरके, इकडे कान फारसा जात नाही. म्हणून हे रॅप एकदा ऐकलेल्याला मधल्या ओळी आठवत नाहीत, पण ओळींची चाल आठवते.

अशा वेळी आपले जाणकार एक वाक्य हमखास म्हणतात: ‘हा तर आपला पोवाडाच!’ मला ते पटत नाही. पोवाड्यात शाहीर एकटा नसतो. अज्ञानदासाने १६५९च्या अफझलखानवधावर पोवाडा रचला तेव्हापासून त्या प्रकाराची घडण समूहाची आहे. डफ शाहिराच्या हाती, तुणतुणं दुसऱ्याकडे, आणि मागे झीलकरी उभे. शाहिराने चौक संपवला की झीलकरी ‘जी जी’ करत शेवट उचलून धरतात, आणि तेवढ्यात शाहीर श्वास घेतो. पोवाड्याच्या ओळी लांब असू शकतात त्या या उसन्या श्वासाच्या जिवावर. शिवाय शाहीर दुसऱ्याची कथा सांगतो. पैठणच्या एकनाथांचं भारूड घेतलं तरी बोलणारा कुठलं तरी सोंग घेऊन बोलतो, शब्द वासुदेवाचे किंवा जोशाचे असतात. रॅपर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या तोंडाने बोलतो आणि मागे कुणी नसतं. श्वास कुठे घ्यायचा हे त्याला लिहितानाच ठरवावं लागतं. चुकलं तर ओळीची शेपूट गिळली जाते आणि नवखा रॅपर तिथेच पकडला जातो.

हे एकटेपण साधनांतही आहे. बीट बहुधा यूट्यूबवरून घेतलेला, कुणा अनोळखी माणसाने कुठल्या तरी देशात बसून केलेला. स्टुडिओ म्हणजे खोली, आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून अंगावर चादर. ऐकणाऱ्याकडेही मोबाइलचा एवढासा स्पीकर. त्या स्पीकरमधून खालचा बास जवळजवळ येतच नाही. ज्या दणक्यावर मुंबई-पुण्याच्या क्लबमध्ये माणसं नाचतात तो एसटीच्या मागच्या सीटवर पोचेपर्यंत विरून जातो, उरते फक्त हाय-हॅटची चकचक आणि माणसाचं बोलणं. मराठवाड्यात रॅप असं ऐकलं जातं, म्हणून इथे जो उच्चारात पक्का तोच टिकतो.

मग राजला झीलकरी कुठून मिळाला? मला वाटतं, घोषणेतूनच. ‘५० खोके’ एकाने म्हणायचं आणि ‘एकदम ओके’ बाकीच्यांनी, अशीच ती पायऱ्यांवर दिली जायची. सवाल-जवाब तिच्यात आधीच होता. राजने खोक्यांचा उल्लेख केला की ऐकणाऱ्याच्या मनात पुढचं उमटतंच. झील श्रोता धरतो, तोंड न उघडता. ही हुशारी आहे आणि हीच मर्यादाही. उसनी झील उसन्या वेळेपुरती असते. घोषणा जुनी झाली की तुकडाही जुना होतो, आणि आज तो ऐकताना मला तसा थोडासा झालेला जाणवतोच. मुंबईच्या स्वदेसी गटाने ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. एमसी मवालीच्या मराठी रॅपच्या जोडीला आरे जंगलातल्या प्रकाश भोईरांचा आवाज आणला. भोईरांचा आवाज येतो तेव्हा रॅपरला खरोखर दम खायला मिळतो, आणि तो आवाज शिळा होणारा नाही.

नांदेड-लातूरच्या रॅप करू पाहणाऱ्या पोरांकडे यातलं काय आहे? गाजलेली घोषणा नाही, सोबत करणारा गट नाही. एक गोष्ट आहे, आणि तिचीच त्यांना लाज वाटते: क्रियापद. लातूरकडे माणूस ‘करतोय’ म्हणत नाही. तो ‘करूलालो’ म्हणतो, ‘येऊलालो’, ‘सांगूलालो’. कुठे ‘लालो’, कुठे ‘लालाव’. नांदेड-परभणीकडे तेच ‘करायलो’, ‘यायलो’ होतं. पुण्यात शिकायला गेलेलं पोर पहिल्या सहा महिन्यांत हे सोडून देतं, कारण विनोदी कार्यक्रमांनी ‘काय करूलालास’चा इतका चोथा केलाय की वाक्य पुरं व्हायच्या आत समोरचा हसतो.

पण हे क्रियापद लयीवर ठेवून पाहा. ‘करतोय’ दोन ठोक्यांत संपतं आणि य् वर दार लावून घेतं. ‘येऊलालो’ची चारही अक्षरं गुरू आहेत आणि सगळी उघडी, स्वरावर संपणारी. म्हणजे हवं तिथे ताणता येतात, हवं तिथे आवळता येतात. शेवटचे दोन ल जिभेच्या टोकावर एकापाठोपाठ आपटतात. झीलकऱ्यांचा ‘जी जी’ जे काम करतो, ते इथे क्रियापदाच्या पोटात आहे: अर्थ पुढे सरकत नाही, लय चालू राहते, आणि बोलणाऱ्याला अर्ध्या श्वासाची उसंत मिळते. प्रमाण मराठीत ही सोय नाही. शिवाय नांदेडच्या गल्लीत दखनीचा ‘नक्को’ आणि ‘हौ’ कानावर असतो. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कानडी, आणि गुरू गोविंदसिंगांनी १७०८मध्ये जिथे देह ठेवला त्या हुजूर साहिबच्या आसपास पंजाबी. भारतभरच्या पोरांनी रॅपसाठी उसनी घेतली ती पंजाबी नांदेडात शेजारच्या घरात बोलली जाते. तरी इथलं पोर रॅप लिहायला बसलं की आधी हिंदी काढतं, तीही मुंबईची, ‘अपुन’वाली.

अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरने, म्हणजे १००आरबीएचने, ‘एमटीव्ही हसल’ या रॅपस्पर्धेच्या तिसऱ्या पर्वात विदर्भाचा ठसका राष्ट्रीय वाहिनीवर नेला. वऱ्हाडीलाही लोक हसतच होते. मग लातूरच्या बोलीला कुणी अडवलंय?

विषयांची ददात नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी होत्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. (पन्नासचा आकडा इथेही होता, पण यमक जुळवायला कुणी नव्हतं.) ज्या गावाला पाणी रेल्वेने आणावं लागलं, तिथेच राज्यभरातली पोरं ‘लातूर पॅटर्न’ गिरवून डॉक्टर व्हायला येतात. एका खोलीत चार पोरं, भिंतीवर फॉर्म्युले, खाली मेस, आणि घरून रात्री एकच फोन: अभ्यास करूलालास का? या प्रश्नाला द्यायच्या उत्तरात एक अख्खं रॅप आहे, आणि त्याचं क्रियापद प्रश्नातच दिलेलं आहे.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे ओळीगणिक ‘लालो-लालो’ जुळवत बसण्याचा मोह होणार. ते यमक फुकटचं आहे, तिसऱ्या ओळीला कान विटतो. ‘येऊलालो’ ओळीच्या मध्यात टाकायचं, ठोक्याच्या जरा अलीकडे, आणि शेवट एखाद्या कोरड्या नामावर आपटायचा: टँकर, रँक, उधारी.