मालिशीचे दहा फायदे : एक तपासणी

धर्माबाद (जि. नांदेड) हे लाल मिरचीच्या व्यापारासाठी ओळखले जाणारे गाव. तेथील एका कनिष्ठ महाविद्यालयात व्याख्यानासाठी गेलो असता व्हरांड्यातील एका भित्तिपत्रकाने आमचे लक्ष वेधले. विषय होता 'मालिशीचे दहा फायदे'. अकरावीच्या एका विद्यार्थिनीने वर्तमानपत्राची पुरवणी आणि कुठल्याशा मालिश केंद्राचे माहितीपत्रक यांवरून मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवून काढला होता. थकवा जातो, शांत झोप लागते, वेदना कमी होतात, रक्ताभिसरण सुधारते, शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडतात, स्नायूंतील लॅक्टिक आम्ल निघून जाते, चरबी वितळते, तेल हाडांत मुरून हाडे बळकट होतात, बाळाचे वजन वाढते आणि रोगप्रतिकारशक्ती वाढते, असे ते दहा फायदे.

"सर, हे राहू द्यावं की काढावं?" विज्ञानाच्या शिक्षकांनी विचारले. ती विद्यार्थिनी शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "सर, माझी आजी गल्लीतल्या लेकरांना न्हाऊ घालते. ह्यात काही चूक असंल तर आजीला काय सांगू?"

गाडीची वेळ झाल्याने आम्ही त्या दोघांना घाईत दिलेले उत्तर अपुरे होते. ते येथे सविस्तर देत आहोत. अशा याद्या आज वर्तमानपत्रांत, औषधांच्या दुकानांत, प्रवासी गाड्यांतील जाहिरातींत सर्वत्र दिसतात. म्हणून हे उत्तर इतर शिक्षकांनाही उपयोगी पडेल असे वाटते.

यादीचा मुख्य दोष

या यादीतील सगळीच विधाने खोटी नाहीत. तिचा दोष निराळा आहे. तिच्यात तीन वेगवेगळ्या प्रकारची विधाने एकाच सुरात मांडलेली आहेत. 'झोप लागते', 'वेदना कमी होतात' हे माणसांचे अनुभव आहेत. 'बाळाचे वजन वाढते' हे वजनकाट्यावर तपासता येण्याजोगे विधान आहे. 'लॅक्टिक आम्ल निघून जाते', 'विषारी द्रव्ये बाहेर पडतात' ही मात्र अनुभवाची स्पष्टीकरणे आहेत. अनुभव खरा असला म्हणजे त्याचे सांगितलेले कारणही खरे ठरते, असे नाही.

याचे उदाहरण धर्माबादच्या घराघरांत मिळेल. मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांच्या हातांची आग होते. ती नुसत्या पाण्याने जात नाही. गोडे तेल चोळून मग साबणाने हात धुतले की कमी होते. कारण विचारले तर उत्तर मिळते की मिरची उष्ण आणि तेल थंड. आता प्रयोगशाळेतील तापमापीच्या फुग्याला ओल्या मिरचीचा ठेचा लावून पाहा. तापमान चढणार नाही. मिरचीत उष्णता नसतेच. तिच्यातील कॅप्सेसीन हे द्रव्य आपल्या मज्जातंतूंवरील एका विशिष्ट प्रथिनाला जाऊन चिकटते. हे प्रथिन एरवी सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेले म्हणजे जागे होते. मिरचीमुळे ते विनाउष्णताच जागे होते आणि मेंदूला 'भाजते आहे' असा निरोप जातो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली हे प्रथिन शोधून काढले. २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना आणि स्पर्श व दाब ओळखणारी प्रथिने शोधणाऱ्या आर्डेम पाटापूटियन यांना विभागून मिळाले. कॅप्सेसीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून तेलाने आग कमी होते. म्हणजे बायांचा उपाय बरोबर होता, कारण चुकीचे होते. मालिशीच्या यादीकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

काय टिकते, काय टिकत नाही

प्रथम वेदना. कोपर दारावर आपटले की आपण न शिकवता ते चोळू लागतो. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली याचे स्पष्टीकरण मांडले. स्पर्श आणि दाब यांचे संदेश मज्जारज्जूत पोचले की वेदनेच्या संदेशांची वाट काही प्रमाणात अडवली जाते. या सिद्धान्तात पुढे दुरुस्त्या झाल्या, पण मूळ कल्पना टिकून आहे. शिवाय केसाळ त्वचेत असे काही मज्जातंतू आहेत की ते सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर अशा संथ गतीने हात फिरवल्यास सर्वाधिक उत्तेजित होतात. आईचा हात पाठीवरून फिरतो तो साधारण याच गतीने. तेव्हा आराम वाटणे, झोप लागणे याला शरीरशास्त्रात आधार आहे.

आता लॅक्टिक आम्ल. ते व्यायामानंतर तासाभरात आपोआपच निवळते. अंग दुखते ते मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तेव्हा या दुखण्याचे खापर त्या आम्लावर फोडता येत नाही. २०१२ साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावून प्रत्येकाचा एक पाय चोळला आणि दुसरा तसाच ठेवला. नंतर दोन्ही पायांच्या स्नायूंचे सूक्ष्म तुकडे तपासले. लॅक्टिक आम्लात फरक आढळला नाही. दाह निर्माण करणारे रासायनिक संकेत मात्र चोळलेल्या पायात कमी होते. माणसे थोडी होती हे खरे, पण एकाच माणसाच्या दोन पायांची तुलना करण्याची युक्ती वर्गात समजावून सांगण्यासारखी आहे.

'विषारी द्रव्ये' या शब्दांशी तर तपासणीच करता येत नाही, कारण कोणते द्रव्य ते कोणी सांगत नाही. युरिया म्हणावे तर तो मूत्रपिंडे बाहेर टाकतात आणि रक्तात किती आहे ते मोजता येते. नाव नाही, मोजमाप नाही, असे विधान चूक ठरवता येत नाही आणि म्हणून ते विज्ञानाचे विधान होत नाही. चरबीबाबत एवढेच म्हणता येईल की मालिशीत श्रम चोळणाऱ्याला पडतात. चरबी खर्च झालीच तर त्याची होईल.

तेल आणि बाळ

तेल अंगात मुरते का? या प्रश्नावर महाराष्ट्रातच चांगले काम झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२० नवजात बालके होती. काहींना करडईचे तेल, काहींना खोबरेल लावले, काहींना काहीच लावले नाही. प्रत्येक वेळी ५ मिलिलिटर, दिवसातून चार वेळा, पाच दिवस. करडईच्या गटात रक्तातील आवश्यक मेदाम्ले वाढली, खोबरेलाच्या गटात संपृक्त मेद वाढले. म्हणजे नवजात बाळाच्या कोवळ्या त्वचेतून तेलाचा काही अंश रक्तात जातो. करडई हे मराठवाड्याचे रब्बी पीक, तेव्हा येथील वाचकांना हे वाचून आनंद होईल. पण याच अभ्यासातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तेल न लावलेल्या बाळांच्या रक्तातही ट्रायग्लिसराइड वाढलेच होते, फक्त कमी वाढले होते. तो तिसरा गट नसता तर सगळी वाढ तेलाच्या नावावर जमा झाली असती. आणि तेल रक्तात गेले याचा अर्थ ते हाडांत मुरले असा मुळीच होत नाही.

वजनाचे काय? अमेरिकेत टिफनी फील्ड यांनी १९८६ साली दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या ४० बाळांवर प्रयोग केला. त्यांतील निम्म्या बाळांना दहा दिवस, दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटे हळुवार चोळले व त्यांचे हातपाय हलवले. त्यांचे वजन इतरांपेक्षा रोज सरासरी ४७ टक्के अधिक वाढले. पुढे २०१३ च्या कोक्रेन आढाव्यात पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांवरील ३४ अभ्यास तपासले, तेव्हा पुरावा मात्र कमकुवत ठरला. तेव्हा 'कोणत्या बाळाचे?' हे विचारल्याशिवाय हे विधान अपुरे आहे. प्रतिकारशक्तीचेही तसेच. ढाक्याच्या रुग्णालयात ३३ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचे तेल अलगद लावल्यावर रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी घटले, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. तेथे तेलाने अपुऱ्या त्वचेचे कवच सांधले होते. मोठ्या माणसाची रोगप्रतिकारशक्ती त्याने वाढते असा अर्थ त्यातून निघत नाही.

चुकीचे कारण निरुपद्रवी नसते

कोणी म्हणेल, फायदा होतो ना, मग कारण कोणते का असेना! आम्हाला हे मान्य नाही. चुकीचे कारण माणसाला पुढच्या चुकीकडे नेते. तेलाने हाडे बळकट होतात असे मानणाऱ्या घरात डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब बाजूला पडतात. बाळाला पहिले वर्षभर रोज ४०० एकक ड जीवनसत्त्व द्यावे, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे. आईच्या दुधात ते फार थोडे असते. ज्या अतिनील किरणांमुळे ते त्वचेत तयार होते, ते किरणही कोवळ्या उन्हात थोडेच असतात. त्याच्या अभावी मुडदूस होतो आणि तेल तो टाळू शकत नाही. तेल आत गेले म्हणजे चांगले, असे मानणारे ते बाळाच्या नाकाकानांत सोडतात. नाकातले तेल फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होतो. जोर लावला म्हणजे रक्त फिरते, असे मानणारे बाळंतिणीची सुजलेली पोटरीही रगडतात. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते. रगडण्याने ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते.

आजीला काय सांगावे?

आजीचे काम थांबवण्याचे कारण नाही. तिचा हात, तिचे तेल, बाळाशी तिचे बोलणे या गोष्टी चांगल्याच आहेत. तिला एवढेच सांगावे : तेल अंगाला लावावे, नाकाकानांत घालू नये. टाळू दाबू नये, ती दीड वर्षाच्या सुमारास आपोआप भरते. नवजात बाळाची छाती सुजलेली दिसली तरी पिळू नये. ती सूज आईच्या संप्रेरकांमुळे येते व आपोआप ओसरते, पिळल्यास पू होऊ शकतो. बाळ रडू लागले तर हात थांबवावा. ड जीवनसत्त्वाचे थेंब चुकवू नयेत. आणि बाळंतिणीची एक पोटरी सुजली असेल तर चोळण्याऐवजी तिला दवाखान्यात न्यावे.

शिक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर असे : भित्तिपत्रक काढू नका. त्याच्या उजव्या बाजूला एक कोरा रकाना आखा आणि त्यावर 'कशावरून?' असे लिहा. मुलांना प्रत्येक फायद्यापुढे तीन गोष्टी लिहू द्या. मोजले काय? तुलना कोणाशी केली? माणसे किती होती? एक प्रयोग वर्गातही करता येईल. एक किलोची पिशवी हात थकेपर्यंत किती वेळा उचलता येते ते मोजावे. मग पाच मिनिटे नुसती विश्रांती घेऊन पुन्हा मोजावे. दुसऱ्या दिवशी तसेच करताना त्या पाच मिनिटांत हात चोळावा. निम्म्या मुलांनी क्रम उलटा ठेवावा. आपला हात चोळला गेला हे मुलांना माहीत असतेच, त्याचा निकालावर किती परिणाम झाला असेल याचीही चर्चा व्हावी.

रकान्यातील काही जागा रिकाम्या राहतील. त्या तशाच राहू द्याव्यात. कोणत्या जागा रिकाम्या राहिल्या हे त्या विद्यार्थिनीने घरी जाऊन आजीला सांगितले, आणि आजीने तिला दोन उलट प्रश्न विचारले, तर भित्तिपत्रकाचे काम झाले असे आम्ही समजू.