‘सर्व्हर डाउन’ आणि आमची परिभाषा

वर्धा जिल्ह्यांत आर्वीस जा, हिंगणघाटास जा, समुद्रपुरास जा. सातबाऱ्याचा उतारा काढावयास किंवा शिधापत्रिकेंत नांव चढवावयास आलेल्या माणसाच्या कानीं केव्हां ना केव्हां एक वाक्य पडतेंच: ‘सर्व्हर डाउन आहे.’ तें ऐकून तो मुकाट्यानें परत फिरतो. नदीला पूर आला असें सांगितल्यावर जसें पुढें विचारण्याजोगें कांहीं उरत नाहीं, तसेंच हें. या दोन शब्दांच्या निमित्तानें, तारायंत्रापासून संगणकांच्या जाळ्यापर्यंत जी परिभाषा आम्ही मराठींत वापरतों तिचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

सर्व्हर म्हणजे मागणी येतांच सांठविलेली माहिती काढून देणारा दूरचा संगणक. गांवच्या केंद्रांतून मागणी त्याच्याकडे जाते व उत्तर परत येतें. या जाण्यायेण्यांत बिघाड अनेक ठिकाणीं होऊं शकतो. गांवांतील वीज गेलेली असते. रस्ता खणतांना जमिनींतील केबल तुटलेली असते. एकाच वेळीं हजारों मागण्या आल्यामुळें त्या संगणकापाशीं गर्दी झालेली असते. किंवा तो संगणकच बंद पडलेला असतो. पहिल्या बिघाडाची तक्रार वीजवाल्यांकडे, दुसऱ्याची केबलवाल्यांकडे, उरलेल्या दोहोंची त्या त्या खात्याकडे करावयाची. पण खिडकीपाशीं चारही बिघाडांचें नांव एकच! चार कारणांवर एकच पांघरूण घालणाऱ्या शब्दाला पारिभाषिक संज्ञा कशी म्हणावी?

यावर कोणी म्हणतील, संस्कृत प्रतिशब्द घडवा. हा मार्ग कांहीं नवा नाहीं. सावरकरांच्या भाषाशुद्धींतला ‘दूरध्वनी’ आज सरकारी कागदावर सुखानें नांदतो. तोंडीं मात्र ‘फोन’च आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास डॉ. रघुवीर यांनीं नागपुरास बसून संस्कृत धातु, उपसर्ग व प्रत्यय यांच्या बळावर शास्त्रीय शब्दांच्या राशी रचिल्या. वर्धा जिल्हा त्या वेळीं त्याच प्रांतांत होता. पण तेथील वारा निराळा होता. १९३६ सालीं वर्ध्यास राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली, आणि १९४२ सालीं तेथेंच गांधीजींच्या पुढाकारानें हिंदुस्थानी प्रचार सभा निघाली. सामान्य माणूस बोलतो ती सोपी भाषाच राष्ट्राची भाषा व्हावी, हा गांधीजींचा आग्रह. शेजारच्या दोन शहरांत एकाच प्रश्नाचीं दोन उत्तरें अशीं दिलीं जात होतीं.

आमच्या मतें हा सारा वाद शब्दाच्या कुळाभोंवतीं फिरला; शब्दाच्या कामाकडे दुर्लक्षच झालें. ‘दूरसंचार’ हाच शब्द घ्या. कुळानें तो निर्दोष आहे. पण मराठींत संचार म्हणजे हिंडणेंफिरणें. संचारबंदी झाली म्हणजे माणसें घरांत बसतात, फोन मात्र चालूच राहतात. आमच्याजवळ ‘दळणवळण’ होतें, ‘संदेशवहन’ होतें. तीं सोडून हा अर्थ आम्हीं सवयीनें गळीं उतरविला. उलट ‘तार’ हा शब्द पाहा. धातूच्या तंतूचें नांव त्यावरून येणाऱ्या संदेशाला मिळालें. मागोमाग तारघर आलें, तारमास्तर आला. निरोप तारेवरून येतो आणि तार तुटली तर येत नाहीं, हें निरक्षरालाही त्या नांवावरूनच कळे. २०१३ च्या जुलैंत सरकारी तारसेवा बंद झाली, तरी शब्द अजून समजतो.

परदेशांतील शास्त्रज्ञांनींही या गोष्टीची काळजी वाहिलेली दिसते. १९६० नंतरच्या दशकांत इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंतील डोनल्ड डेव्हिस यांनीं संदेशाचे लहान तुकडे पाडून ते वेगवेगळे धाडण्याची रीत योजिली. त्या तुकड्याला ‘पॅकेट’ म्हणण्यापूर्वीं त्यांनीं, इतर भाषांत याला जुळता शब्द आहे काय, याची भाषातज्ज्ञांकडे चौकशी केली. मराठींत तर त्याचें ‘पाकीट’ केव्हांच झालेलें आहे! प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो, पाकिटें निरनिराळ्या वाटांनीं जातात व मुक्कामीं पुन्हां क्रमानें लावलीं जातात, हें टपाल पाहिलेल्या कोणासही उमजेल. राउटर हा त्या पाकिटांचा वाटाड्या. प्रोटोकॉल म्हणजे दोन यंत्रांनीं आपसांत पाळावयाचा शिरस्ता. येथें मंत्र्यांच्या स्वागताचा ‘राजशिष्टाचार’ कामाचा नाहीं.

राउटर, केबल, सर्व्हर हे शब्द हद्दपार करा, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. लोकांनीं ‘रेंज’ हा शब्द आपलासा केलाच आहे. ‘रेंज नाहीं’ म्हणतांच शेतकरी बांधावर चढतो, गृहिणी गच्चीवर जाते. कारण दोष कोठें आहे तें त्या शब्दानें दोघांसही कळलेलें असतें. ‘डाउन’ ऐकणारा मात्र घरची वाट धरतो. शब्द ऐकून पुढचा प्रश्न सुचतो कीं नाहीं, हीच परिभाषेची खरी कसोटी होय. १९६० सालीं स्थापन झालेल्या भाषा संचालनालयानें विषयवार कोश सिद्ध करून मोठेंच कार्य केलें आहे. पुढील कोशांत प्रतिशब्दाखालीं ‘ही वस्तु काय करते आणि बिघडते कशी’ अशा दोन ओळी आल्या, तर त्याचें मोल दुणावेल.

तोंवर प्रत्येक केंद्राच्या खिडकींत चार पाट्या टांगून ठेवाव्या: ‘वीज नाहीं’, ‘केबल तुटली’, ‘गर्दी आहे’, ‘तिकडचा संगणक बंद आहे’. त्यांसाठीं एकही नवा शब्द घडवावा लागणार नाहीं.