गोडीच्या आतला आंबटपणा

आपल्या टीकेतली बरीचशी परिभाषा जिभेवरून आलेली आहे. रस, रुची, आस्वाद, चर्वणा, गोडी हे शब्द कवितेसंबंधी आपण इतक्या सरावाने वापरतो की ते मुळात खाण्यापिण्याचे शब्द आहेत हेच विसरून जातो. आणि प्रत्यक्ष एखाद्या पेयाचे गुणदोष सांगायची वेळ आली म्हणजे हाच रसिक ‘गोड आहे’ एवढे बोलून गप्प बसतो. उशिरा खुडलेल्या द्राक्षांच्या गोड, पांढऱ्या वाइनविषयी लिहावेसे वाटले ते यामुळे.

शाळामास्तराने मद्यावर लिहावे काय, असे कोणी विचारील. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा मोठा वाद उसळला. एका पक्षाला ती केवळ दारू दिसली, दुसऱ्याला केवळ शेतमाल. तिची चव कशी असते, हा प्रश्न दोघांच्याही गावी नव्हता. पिणे न पिणे ज्याचे त्याने ठरवावे. पण जी वस्तू चवीसाठी केली जाते तिची परीक्षा चवीने होऊ नये, हा न्याय मला पटत नाही. आणि ही वस्तू आपल्याकडे काल आली असेही नाही. आमच्या जिल्ह्यातले तेर म्हणजे जुने तगर. इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगरचे कापड गाड्यांतून भडोचला जात असल्याची नोंद आहे, आणि त्याच भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात इटलीच्या वाइनचे नाव आहे.

द्राक्ष वेलीवर जास्त दिवस राहिले म्हणजे त्यातले पाणी उडते, मणी सुरकुततात, साखर दाटते. साध्या वाइनसाठी साखर २२ ते २४ ब्रिक्सला आली की घड उतरवतात. इथे ती ३० च्या आसपास जाऊ देतात. मग रस आंबत असताना तो एकदम थंड करून यीस्टचे काम मध्येच थांबवतात. मागे उरते ती साखर द्राक्षाचीच. आमच्याकडे बेदाणा करणाऱ्याला यातले अर्धे शास्त्र आधीच ठाऊक असते. घड जितके दिवस वेलीवर तितके दिवस जीव टांगणीला, हेही त्याला ठाऊक असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हा हाताशी आलेल्या बागा बघता बघता गेल्या. बाटलीवरच्या ‘उशिरा’ या शब्दात हे सगळे आहे, पण पिणाऱ्याला ते दिसत नाही.

मात्र युरोपातला उशीर आणि आपला उशीर एक नव्हे. फ्रान्समध्ये सोतेर्नच्या परिसरात सिरों ही थंड पाण्याची लहान नदी गारोन नदीला मिळते. शरदात तिथे सकाळी धुके पडते आणि दुपारी ऊन. त्या दमटपणात बोट्रायटिस नावाची बुरशी मण्यांवर चढते, साल झिरझिरीत होते आणि पाणी उडून जाते. मजूर एकाच बागेतून पुन्हापुन्हा फिरून तेवढेच मणी वेचतात. शातो दिकेमच्या बागेत एका वेलीमागे जेमतेम एक पेला वाइन निघते असे सांगतात. तिथला हंगाम उन्हाकडून थंडीकडे उतरतो. आपल्याकडे ऑक्टोबरात फळछाटणी होते, थंडीत घड भरतो आणि ऊन चढू लागते तेव्हा पिकतो. तिथली थंडी आंबटपणा राखते, इथले ऊन तो जाळते. आपल्या वाइनमध्ये सोतेर्न शोधत बसणारे रसिक मला म्हणूनच चुकीच्या दारात उभे असलेले वाटतात. आपली वाइन उन्हाची आहे, मनुकेची सख्खी बहीण आहे.

पण तिची कसोटी तीच. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त रसाची चर्वणा समजावताना पानकरसाचा दृष्टान्त घेतला आहे. साखर, मिरी आणि इतर पदार्थ पानकात आपापले वेगळेपण सोडून एक निराळीच चव होतात. या पानकाचेच आपले पन्हे झाले. चैत्रात घरोघर होणारे पन्हे ज्याने प्यायले आहे त्याला गोड वाइनचे मर्म वेगळे शिकवायला नको. कैरी आंबट नसेल तर ते नुसते गूळपाणी. गुळाची गोडी जीभ दोन घोटांत विटते. कैरी तिला उचलून धरते आणि तिसऱ्या घोटाची वाट दाखवते.

नाशिकच्या सुलाने, जिची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, अशा वाइनसाठी शेनिन ब्लां ही जात घेतली हे शहाणपणाचे झाले. ती मूळची फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली, आणि कितीही पिकली तरी आंबटपणा सहजी न सोडणारी. तिची अर्धी बाटली, ३७५ मिलिलिटरची, चांगली थंड करून लहान पेल्यात घ्यावी. आधी वास घ्यावा. इंग्रजीत तिला मध आणि जर्दाळू म्हणतात. मला त्यात मोरावळ्याचा पाक आणि उन्हात सुकलेली संत्र्याची साल सापडली. पहिला घोट आर्जवी, भरघोस. आंबटपणा आहे, पण तो गोडीच्या मागून चालतो, आणि पेला कोमट होत गेला तसा आणखी मागे राहतो. घोट गिळल्यावर जिभेवर जे रेंगाळते त्याला मराठीत शब्द हवा होता. गायक गेल्यावरही तंबोरा वाजत राहावा तसे ते असायला हवे. इथे ते आहे, पण थोडा वेळ. पहिल्या प्रकरणात वाचकाला जिंकून शेवटी घाई करणाऱ्या कादंबऱ्या आपण पुष्कळ वाचतो, मीही लिहिल्या आहेत. त्यांच्याइतकाच या वाइनचा मला लोभ आहे.

दिवाळीच्या ताटात मात्र तिला जपून बसवावे. खाण्याचा पदार्थ वाइनहून गोड असला की वाइन पाणचट आणि आंबट लागते. बासुंदी, अनारसे, आमच्या कुंथलगिरीचा पेढा, यांच्यापुढे तिचा निभाव लागत नाही. फ्रेंच लोक सोतेर्नबरोबर रोकफोर नावाचे खारट, बुरशीचे चीज खातात. आपल्या फराळात तो मान चकलीचा आणि खाऱ्या शेंगदाण्यांचा.