निमोच्या टाकीतली न दिसलेली भूक

सागरी जीवसृष्टीचा पाठ आला की ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट वर्गात दाखवावा, असे अनेक शिक्षकांना वाटते. आम्हीही तो मुलांबरोबर एकाहून अधिक वेळा पाहिला आहे. अँड्र्यू स्टँटन यांनी दिग्दर्शित केलेला पिक्सारचा हा चित्रपट २००३ साली आला. त्यासाठी ॲडम समर्स या मत्स्यशास्त्रज्ञाचा सल्ला घेतला होता आणि त्याचा उपयोग जागोजागी दिसतो. माशांचे पर कसे हलतात, पाण्यातून उतरणारा प्रकाश वाळूवर कसा नाचतो, हे सारे पाहण्यासारखे आहे. मासे माणसांसारखे बोलतात, याबद्दल आमची तक्रार नाही. पंचतंत्रातले कोल्हे बोलतात म्हणून प्राणिशास्त्र बिघडले, असे कोणी म्हणत नाही. तक्रार आहे ती सिडनीतल्या दंतवैद्याच्या दवाखान्यातल्या टाकीबद्दल.

या टाकीत निमो येऊन पडतो तेव्हा तिथे आधीच एक टोळी आहे. तिचा म्होरक्या गिल हा मूरिश आयडॉल जातीचा मासा. बाकीचे दुकानातून आलेले, तो एकटा समुद्रातून. सुटकेच्या एका जुन्या प्रयत्नात तो दातांच्या हत्यारांवर पडला आणि त्याचा पर फाटला. त्याची नवी योजना अशी: निमोने गाळणयंत्रात खडा अडकवायचा, टाकी घाण होईल, दंतवैद्य मासे पिशव्यांत भरील आणि मग खिडकीतून उड्या. यंत्र बंद पडते, काच हिरवीगार होते आणि मासे उत्साहाने वाट पाहतात.

विज्ञानाच्या शिक्षकाने चित्रपट थांबवावा तो इथे. शेवाळ डोळ्यांना दिसते, म्हणून पटकथेला ते सोयीचे. परंतु बंद टाकीत माशाला मारणारी गोष्ट दिसत नाही. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडत असतो. गाळणीतले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पाण्याचा प्रवाह थांबला की त्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही आणि हे काम मंदावते. त्यातून समुद्राच्या पाण्याचा सामू ८ च्या वर असतो, आणि सामू जितका जास्त तितका अमोनियाचा अधिक भाग विषारी स्वरूपात राहतो. म्हणजे पाणी स्वच्छ, नितळ दिसत असतानाच मासे कल्ले फडफडवू लागले असते. गिलची योजना शेवाळाचा हिरवा रंग चढण्याआधीच टोळीच्या मुळावर आली असती.

ही चूक एका तासात समजावून देता येते. दुसरी अधिक खोल आहे, आणि आमच्या मते ती चूक नसून डोळेझाक आहे. चित्रपटाच्या दृष्टीने टाकीचे दुःख म्हणजे काच. पलीकडे समुद्र दिसतो आणि जाता येत नाही. अन्नाचा प्रश्न अडचण म्हणून कथेत येतच नाही. वास्तविक ज्या माशाला त्यांनी टाकीतला मुरलेला कैदी केले, तो मूरिश आयडॉल हौशी लोकांत प्रसिद्ध आहे तो टाकीत अन्न न घेण्यासाठी. समुद्रात तो मोठ्या प्रमाणावर स्पंज कुरतडून जगतो. टाकीत आणल्यावर पुष्कळदा तो खातच नाही.

असेच दुसरे उदाहरण चित्रपटाच्या सुरुवातीलाच आहे. निमोच्या वर्गात टॅड नावाचा लांब तोंडाचा पिवळा फुलपाखरू मासा आहे. ओळख करून देताना मुले आपापली वैगुण्ये सांगतात. एकीचा एक हात आखूड, दुसऱ्याला पाण्याचीच ॲलर्जी, आणि टॅड सांगतो की आपण आगाऊ आहोत. विनोद चांगला आहे. पण त्या चिमट्यासारख्या तोंडाबद्दल एक वाक्य नाही! प्रवाळांच्या फटींतले बारीक कवचधारी जीव, नळकृमींचे स्पर्शक, समुद्रसाळूचे नळीसारखे पाय टिपण्यासाठी घडलेले ते अवजार आहे. फुलपाखरू माशांच्या सुमारे १३० जाती आहेत आणि त्यांचे तोंड पाहिले की आहाराचा अंदाज येतो. काही जाती अशा फटी धुंडाळतात, काही मिळेल ते खातात. काही मात्र जिवंत प्रवाळांवरच जगतात. कीटोडॉन ट्रायफॅशियालिस ही जात तर जवळजवळ संपूर्णपणे ॲक्रोपोरा प्रवाळांवर अवलंबून असते. त्यातही मेजासारख्या पसरणाऱ्या वसाहती तिला विशेष लागतात.

आता अशा माशाला घरच्या टाकीत ठेवायचे म्हणजे काय, ते आम्ही एकदा पाहिले. परिचयाच्या एका गृहस्थांनी खाऱ्या पाण्याची टाकी मोठ्या निगुतीने उभी केली होती. क्षारता, तापमान, सारे मोजून लिहिलेली वही होती. दुकानदाराने ‘काहीही खातो’ म्हणून दिलेला फुलपाखरू मासा त्यांनी आणला. तो प्रवाळांवर जगणाऱ्या जातीचा निघाला. कोळंबीचे तुकडे त्याच्या तोंडासमोरून खाली जात. तो वळून पाहत असे, क्वचित एखादा तोंडात घेऊन थुंकत असे, आणि पुन्हा शोभेसाठी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या प्रवाळावर टोचा मारत राही. दोन आठवड्यांत त्याची पाठ धारदार दिसू लागली, तिसऱ्यात तो गेला. वहीतले आकडे अखेरपर्यंत बिनचूक होते.

हे आठवले की चित्रपटातली डार्ला आम्हाला खटकते. दंतवैद्याची ही भाची पिशवी गदागदा हलवते आणि मासा मारते, म्हणून ती खलनायिका. मुलांना ती लगेच कळते आणि ‘आपण काही तसे नाही’ असा दिलासाही मिळतो. आमचे ते गृहस्थ डार्ला नव्हते. टाकीत पुष्कळ फुलपाखरू मासे मरतात ते अशाच प्रेमळ, नियमित, वेळेवर अन्न टाकणाऱ्या घरांत.

सर्वच जाती तशा नाहीत, हेही सांगायला हवे. कीटोडॉन ऑरिगा कृमी, कोळंबी वगैरे खातो आणि अनुभवी माणसाकडे वर्षानुवर्षे राहतो. मूरिश आयडॉलसारखा दिसणारा हेनिओकस हाही फुलपाखरू मासाच, आणि तो बराच सोशिक. खुद्द निमोच्या कुळातले विदूषक मासे तर टाकीत अंडी घालतात, त्यांची पैदास आता नेहमीची झाली आहे. फुलपाखरू मासे मात्र अजूनही जवळजवळ सगळे समुद्रातूनच पकडून आणले जातात. म्हणजे टाकीत सर्वात बरा जगू शकणारा मासा सुटकेसाठी तळमळतो आणि टिकण्याची आशा सर्वात कमी असलेला मासा टोळीचा अनुभवी नेता! चित्रपटामुळे रानटी विदूषक माशांची मागणी वाढली, असा आरोप मात्र आम्ही करणार नाही. तो वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांतून झाला. २०१७ साली दोन संशोधकांनी तो तपासला, तेव्हा पुरावा तोकडा आढळला.

शेवटी टोळी पिशव्यांसह सिडनीच्या बंदरात पोहोचते आणि पिशव्यांत अडकल्या अडकल्या विचारते, आता पुढे काय? प्रेक्षागृहात यावर हशा पिकतो. समुद्र गाठला, आता सुटायचे तेवढे राहिले, असे त्यात गृहीत आहे. २०१६ साली मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरे पडले. त्याच्या आधी आणि नंतर हिंद व प्रशांत महासागरांतल्या प्रवाळभित्तींवर फुलपाखरू माशांच्या ३८ जातींचे वर्तन अभ्यासकांनी नोंदवले होते. अन्नासाठी एकमेकांना हुसकावण्याचे प्रसंग सुमारे दोन तृतीयांशांनी घटले. भांडायला लागणारी ताकद परवडेनाशी झाली असावी, असा त्यांचा तर्क आहे. तिथे काच कुठेच नव्हती.

चित्रपट दाखवायचा तर टॅडच्या दृश्यावर एक मिनिट थांबावे आणि हे तोंड कशासाठी, एवढेच विचारावे. आम्ही विचारले तेव्हा पाचवीतल्या एका मुलीने उत्तर दिले, “बाटलीच्या तळातला मुरंबा काढायला.” पुढचा अर्धा तास आम्हाला फारसे बोलावे लागले नाही.